न मारणारा तेजराम

भंडाऱ्याकडच्या महानुभाव घरातला तेजराम कारखान्याचे पाये खोदायला भिलाईला आला आणि खुर्सीपारात राहिला. शेतं उकरून वस्ती उभी राहत होती, त्यामुळे कुणाच्याही चुलीमागं साप निघायचा. लोक लाठी शोधायचे, तेजराम डबा शोधायचा. साप धरायचा आणि नाल्यापलीकडं सोडून यायचा. जीव मारायचा नाही, हे त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. असा शेजारी सगळ्यांना हवा असतो. लढाई सुरू होईपर्यंत.

बासष्टची लढाई लागली. पावर हाउसच्या चौकात सभा भरली, चीनचा सूड घ्यायच्या शपथेसाठी सगळ्यांनी हात वर केले. तेजरामचा हात खालीच. शेजारच्या चंपतनं दरडावलं, तर म्हणाला, "मारणारा आन मारायले लावणारा, दोघाईचं पाप एकच. मी शपथ घेत नाही."

घरापासून पाचशे कोस लांबच्या लढाईत चंपतला मोठं शौर्य चढलं होतं. रस्त्याच्या कामाचं डांबर जवळच होतं. चौघांनी तेजरामला धरलं, चंपतनं तोंड फासलं. तेजरामनं प्रतिकार केला नाही. बायको भागीरथानं घासलेटानं डांबर काढलं तेव्हा गालाची सालटी निघाली. लोक नंतर म्हणाले, संत माणूस आहे. संत कसला? दोन्ही घरांमध्ये एकच कूड होता, आणि पलीकडं चंपत हसला की तेजरामच्या घशाखाली घास उतरत नसे. याचं वाटोळं व्हावं, असं तो रोज मनोमन म्हणायचा. फक्त ते आपल्या हातून होऊ नये, एवढीच त्याची अट होती.

पुढच्या उन्हाळ्यात भरदुपारी चंपतची बायको गिरजाबाई धावत आली. पोर बाजेवर झोपलेलं आणि बाजेखाली नाग. तेजराम गेला, नाग धरला, डब्यात घातला. चंपत त्याच्या पाया पडला. "तेजरामभाऊ, माहं चुकलं गा. माफ कर."

तेजरामनं डब्याचं झाकण दाबलं. डबा घेऊन निघाला. पण नाल्याकडं न जाता घरांच्या मागून वळला आणि चंपतच्या मागच्या दाराशी, लाकडांच्या ढिगाजवळ, त्यानं डब्याचं झाकण काढलं. कित्येक महिन्यांत त्याला इतकं हलकं वाटलं नव्हतं.

भागीरथा वाळवण काढायला मागं आली होती. "तुमी हे काय करून राहिले?"

"मी कुठं काय केलं? सापाले जिकडं जायचं तिकडं जाईल."

"आन आत लेकरू आहे, ते?"

उत्तरासाठी ती थांबलीही नाही, "साप, साप" ओरडत सुटली. चंपत आणि आणखी दोघं लाठ्या घेऊन आले. नाग उंबऱ्यापर्यंत पोचला होता. तिथंच त्यांनी त्याला ठेचला.

तेजरामच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. नाग डब्यातून निसटला असंच चंपतला वाटलं. तो ओशाळला. "सापासाठी रडून राहिला माणूस," तो गिरजाबाईला म्हणाला, "आन याच्या तोंडाले मी डांबर फासलं."

भागीरथा नवऱ्याकडं बघत राहिली. साप मेला म्हणून तो रडत नव्हता. उंबरा ओलांडायच्या आधीच मेला, म्हणून रडत होता. ते तिला कळलं, आणि तिला कळलंय हे त्यालाही कळलं.