नॉर्वेच्या फॉरवर्डचा डावा गुडघा

मस्कतजवळच्या अल खौदच्या ज्या क्लिनिकमध्ये मी फिजिओथेरपिस्ट आहे, तिथले बहुतेक पेशंट युनिव्हर्सिटीच्या आसपासचे. पाठ धरलेले प्राध्यापक, मान अवघडलेल्या ऑफिसातल्या बायका, पडून मनगट मोडलेल्या आज्या. दोन वर्षांपूर्वी एक उंच, पिंगट केसांची बाई थोडी लंगडत आत आली. फॉर्मवर व्यवसायाच्या जागी तिने ‘फुटबॉलर’ लिहिलं होतं आणि मग ते खोडून ‘कोच’ केलं होतं.

ती नॉर्वेची. नवऱ्याच्या नोकरीमुळे मस्कतला आलेली आणि इथे शाळकरी मुलींच्या एका संघाला फुटबॉल शिकवणारी. मी तिला टेबलावर झोपवून डावा गुडघा पाहिला. त्यावर दोन ऑपरेशनांच्या खुणा होत्या, जवळजवळ एकीवर एक. टेपने मोजलं तर डावी मांडी उजवीपेक्षा तीन सेंटिमीटर बारीक भरली.

“जिना उतरताना दुखतं?”

“दुखतं.”

“दहापैकी किती?”

ती विचार करून म्हणाली, “चार.”

मी वाटीच्या खाली अंगठा दाबला. तिचा चेहरा तसाच राहिला, पण पोटरी थरथरत होती. दुसऱ्या कुणी आठ-नऊ सांगितलं असतं. तेव्हा मी विचारलं, “किती वर्षं खेळलात?”

“सतरा.” मग जरा थांबून, “फॉरवर्ड होते. गोल करायचं काम.”

आम्ही इंग्रजीत बोलायचो, त्यात तू-तुम्ही काही नसतं. पण मनातल्या मनात मी तिला पहिल्या दिवसापासून ‘अहो’च म्हणत आले.

आठवड्यातून दोनदा ती यायची. व्यायाम करताकरता थोडं थोडं सांगायची, तेही विचारलं तरच. एकदा मी वसईच्या मच्छीमार घरातली आहे, आमच्याकडे बांबूंवर बोंबील वाळत घालतात, असं म्हटलं तर तिने मोजणीच थांबवली. तिचं गाव उत्तरेला, समुद्राला लागून. तिथेही लाकडी मांडव उभारून मोठमोठे मासे टांगून वाळवतात. हिवाळ्यात कित्येक आठवडे सूर्य उगवत नाही. त्या अंधारात, दिव्याच्या खांबाखाली, ती मांडवांच्या खांबांमधून बॉल काढत न्यायची. खांबाला लागला तर पुन्हा पहिल्यापासून. मैदानावरचा बर्फ निघेपर्यंत तोच तिचा सराव.

सोळाव्या वर्षी ती एकटी दक्षिणेला शिकायला आणि खेळायला गेली. पहिली काही वर्षं सकाळी मासळीच्या कारखान्यात काम आणि संध्याकाळी सराव. मग देशाच्या संघात निवड झाली, मग जर्मनीतल्या एका क्लबने बोलावलं. तेविसाव्या वर्षी एका सामन्यात वळताना गुडघ्यातला लिगामेंट तुटला. ओली फांदी मोडावी तसा आवाज तिने स्वतः ऐकला होता. वर्षभराने ती परत मैदानावर उतरली आणि तिसऱ्याच सामन्यात तिने गोल केला. सत्ताविसाव्या वर्षी तोच गुडघा, तोच लिगामेंट. डॉक्टर म्हणाले, आता पुरे.

“मग?”

“मग सहा वर्षं खेळले.”

हे तिने ज्या सुरात सांगितलं त्या सुरात लोक दुकानातून दूध आणल्याचं सांगतात. माझे हात तिच्या पोटरीवर तसेच राहिले. दिलेले व्यायाम सहा आठवडे नेमाने करणारा पेशंट मला वर्षात एखादा मिळतो. दुसऱ्यांदा तुटलेला गुडघा पुन्हा पळता करायला किती कंटाळवाणे, एकसारखे दिवस लागतात ते मला माहीत आहे. आणि ती असे दिवस दोनदा काढून आली होती.

मार्चमध्ये ती म्हणाली, “शुक्रवारी बायकांचा एक मैत्रीपूर्ण सामना आहे. आमच्यात एक कमी पडते. वीस मिनिटं खेळू?”

“नको,” मी म्हणाले.

ती उठून पुन्हा पायऱ्या चढ-उतर करायला लागली. तिसरा फेरा संपल्यावर मीच म्हणाले, “दहा मिनिटं. पट्टी मी बांधणार.”

शुक्रवारी दुपारी मी नवऱ्याला घेऊन गेले. तो रुसैलच्या एका कारखान्यात क्वालिटी बघतो. तरुणपणी आमच्या गावच्या टीममध्ये खेळलेला, त्यामुळे त्याला सगळं कळतं. पट्टी बांधलेला पाय पाहून तो म्हणाला, “ही काय पळणार?”

ती पळालीच नाही. आठ मिनिटं नुसती चालत होती, इकडून तिकडे. एक-दोनदा चार पावलं वेगाने गेली, बॉल आला नाही, परत फिरली. मग उजवीकडून एक मुलगी बॉल घेऊन आली. आमची बाई गोलच्या जवळच्या खांबाकडे निघाली, समोरच्या संघातल्या दोघी तिच्यामागे धावल्या आणि ती मध्येच दोन पावलं मागे आली. बस, एवढंच. दोघी पुढे निघून गेल्या, बॉल मागे आला, आणि तिथे ती एकटीच उभी होती. तिने जोरात मारलाही नाही. उजव्या पायावर भार ठेवून डाव्याच्या आतल्या बाजूने बॉल अलगद वळवला. गोलकीपर जागची हललीसुद्धा नाही.

जो पाय मी तीन महिने हातात धरत होते, तो हाच, हे मला काही क्षण पटेना. नवरा उभा राहिला होता. गाडीत, निम्मा रस्ता संपल्यावर, तो म्हणाला, “आम्ही जे खेळायचो ते काय होतं, देव जाणे.”

रविवारी ती सुजलेला गुडघा घेऊन आली. मी बर्फ लावला, रागावले नाही. विचारलं, “बॉल तिथे येणार हे कसं कळलं?”

“कळलं नाही,” ती म्हणाली. “सतरा वर्षं मी तशा जागी जात आले. बहुतेक वेळा बॉल येत नाही. तरी जायचं. न जाता तो आला, तर मग काय उपयोग?”

त्यानंतर ती खेळली नाही. उन्हाळ्यात मायदेशी जाऊन तिने गुडघ्याचं आणखी एक ऑपरेशन करून घेतलं आणि परत येऊन मुलींना शिकवायला लागली. अजूनही अधूनमधून येते, आता स्वतःच्या गुडघ्यापेक्षा जास्त आपल्या संघातल्या मुलींचे मुरगळलेले घोटे घेऊन.

घरी टीव्हीवर सामना लागला की मी हल्ली बॉलकडे बघत नाही. दूर कुठेतरी कुणीतरी मोकळ्या जागेकडे धावत असतं आणि त्याच्याकडे बॉल जात नाही, त्याला बघत बसते.

“अगं, बॉल इकडे आहे,” नवरा म्हणतो.

“माहीत आहे,” मी म्हणते.