काल्बूबू एजेच्या कबरीवरचं कडं

नारिन गावात कुणाचं फाटक निखळलं, कुणाच्या ट्रॉलीचा कणा मोडला की लोक अशिरबायकडे जात. हात चांगला आणि तोंड बंद, अशी त्याची ख्याती. पन्नाशी उलटली होती. वेल्डिंगच्या उजेडाने डोळ्यांना कायमचं पाणी लागलेलं. त्याची बायको बुरुल म्हणायची, "आमच्या माणसाला रडायला कारण लागत नाही."

त्या वर्षी मात्र कारण होतं. ऐन हिवाळ्यात त्याची थोरली बहीण काल्बूबू अल्लाघरी गेली. आईबापांमागे तिनेच त्याला वाढवलेलं. तो तिला एजे, म्हणजे ताई, म्हणे, पण ती आईच. त्याला शहरात काम शिकायला धाडायचं ठरलं, तेव्हा तिने सासरहून मिळालेलं आपलं लोकरी नमद्याचं गोल घर विकून टाकलं. भिंतींच्या जाळ्या, छपराच्या काठ्या, माथ्यावरचं लाकडी कडं, सगळं. पुढची वर्षं तिने डोंगरातल्या मेंढपाळांच्या हिवाळी ठाण्यावर मातीच्या खोपटात काढली. कधी बोलून दाखवलं नाही. शेवटच्या आजारात तेवढं म्हणाली, "अशिर, मी गेल्यावर माझ्यावर घर बांध रे. आणि कडं नीट बसव. कड्याशिवाय घर म्हणजे कोंबड्यांचं खुराडं."

कबरीवर लोखंडी पाइपांचं गोल घर उभारायचं, माथ्यावर तुंदुक, म्हणजे ते कडं, बसवायचं, ही तिकडची रीतच. अशिरबायने आयुष्यात अशी कितीतरी घरं परक्यांसाठी जोडली होती. वर्ष भरायच्या आत आश, म्हणजे गेलेल्याच्या नावाचं जेवण, होते. सारे नातेवाईक जमतात, मोल्दो, म्हणजे मुल्ला, कबरीपाशी कुराण वाचतो, मग जेवण. एजेचं घर त्याआधी पुरं व्हायला हवं होतं. शिवाय आश झाल्यावर बर्फ पडला की वरची वाट वसंतापर्यंत बंद.

अडचण एकच होती. कबर कारा-कुंगोय डोंगराच्या माथ्यावर, ठाण्याच्याही वर. तिथे विजेचा खांब नाही, गाडीवाट नाही. पाइप दुकानात वाकवून घोड्यांवरून न्यायचे आणि जोडायचे वरच. त्याचं जुनं मशीन भिंतीतल्या विजेवर चालणारं; ते वर नेऊन काय करणार?

बाजारात लोखंडी डब्यातल्या एका दुकानासमोर तो सकाळपासून उभा होता. कधी या मशीनचा कान धर, कधी त्याचं झाकण उघड. शेवटी दुकानदार कंटाळला.

"बाइके, मशीन बघताय की सून?" बाइके म्हणजे दादा.

"सून परत करता येते," अशिरबाय म्हणाला.

दुकानदार खो खो हसला आणि स्टूल पुढे सरकवून समजावायला बसला. "हे बघा, हे पेट्रोलवालं. इंजिन आणि वेल्डिंग एकातच. दिवसभर रॉड जाळा, दमणार नाही. पण वजन असं की घोडा तुम्हाला शिव्या देईल. दुसरं, नुसता जनरेटर न्या, तुमचं जुनं मशीन त्यावर लावा. पण त्या उंचीवर इंजिनाला धाप लागते. छोटा घेतलात तर ऐनवेळी बसेल, मोठा घेतलात तर उचलणार कोण? आणि हे तिसरं, बॅटरीवालं. खांद्याला अडकवा आणि चढा. आवाज नाही, धूर नाही. एका बॅटरीवर रॉड मोजकेच, म्हणून दुसरी सोबत घ्या. फक्त थंडीला जपा. रात्री उबेत ठेवा. बायकोच्या आणि तुमच्या मध्ये झोपवा हवं तर."

"बायको कुणाला मध्ये घेत नाही."

अशिरबाय पेट्रोलवाल्याभोवती आणखी एक फेरी मारून आला. दोरी ओढून ते सुरू केलं. सगळा बाजार दणाणला, पलीकडची मेंढी बुजली. कबरीशेजारी हे असं बोंबलणार? एजेच्या डोक्याशी? त्याने बंद केलं आणि दोन बॅटऱ्यांसकट बॅटरीवालं उचललं. बुरुलने घरी मशीनवर हात ठेवून बिस्मिल्ला म्हटलं. "हलकं आहे," ती म्हणाली, "एजेला आवडलं असतं."

आशच्या आदल्या दिवशी तो ठाण्यावर पोचला. तिथे आता एजेचा मुलगा मेदेर राहत होता. त्याची बायको नुकती बाळंत झालेली, बाळाचे चाळीस दिवस भरायचे होते. मामा-भाचे घोडे घेऊन वर गेले. मशीन खरंच गुणी निघालं. अशिरबाय काच तोंडावर ओढायचा, टाका मारायचा, मेदेर पुढची फासळी धरायचा. दुपार कलेपर्यंत सांगाडा उभा राहिला. कडं तेवढं उरलं. पहिली बॅटरी संपली, दुसरी भरलेली होती. पण वारा सुटला, मेदेरची बोटं गारठली, पाइप हातात राहीना.

"तायाके, उद्या सकाळी लावू," मेदेर म्हणाला. तायाके म्हणजे मामा. "मोल्दो यायच्या आत होईल की."

"होईल. घटकाभराचं काम."

कडं तारेने बांधून ते खाली उतरले. दारात मेदेरची सासू उभी होती. पाण्याचं भांडं पुढे करून म्हणाली, "हात, तोंड, पाय धुवा. अंगरखे झटका. आणि ती बॅटरीची पेटी बाहेर."

"विहीणबाई, हिला ऊब लागते," अशिरबाय म्हणाला.

"बाळालाही लागते. कबरीवरून आलेली वस्तू चाळीस दिवसांच्या आत या छपराखाली येणार नाही. उद्या पोर निळं पडलं तर तुमची पेटी त्याला दूध पाजणार आहे का?"

मेदेर घोड्यांची खोगिरं उतरवायला लागला. अशिरबायने पेटी मागे घेतली. एजेचं नातवंड ते. त्यानेच तर बॅटरी थडग्याच्या दगडावर ठेवली होती, नीट, कोरड्या जागी. त्याने आपला कातडी अंगरखा काढून तिच्याभोवती गुंडाळला, मेंढ्यांच्या गोठ्यात गवतात खुपसली आणि आत जाऊन बसला.

पहाटे नमाजाला उठला तेव्हा बादलीतल्या पाण्यावर बर्फ जमला होता. गोठ्यात मेंढ्या एका कोपऱ्यात दाटल्या होत्या आणि बॅटरी दुसऱ्या. अंगरखा काठीसारखा ताठ झालेला. तो घोडा दामटत वर गेला. रॉड टेकवला, एक ठिणगी उडाली, दुसरी उडाली, टाका अर्धवट धरला, आणि मशीनने डोळा मिटला. त्याने बॅटरी पोटाशी धरली, कोटात घेतली, उन्हात ठेवली. ऊन नुसतं दिसायला होतं.

खालून माणसं चढू लागली. काका, चुलत भाऊ, एजेच्या सासरचे. पुढे मोल्दो.

"थोडा वेळ मिळेल का, मोल्दोके?" अशिरबायने विचारलं.

"खाली घोडीचं मटण शिजलंय, बाबा. दूरची माणसं आहेत, उजेडात परतायची आहेत." मोल्दोने वर पाहिलं आणि आवाज मऊ केला. "अल्ला नियत बघतो."

सगळे गुडघ्यावर बसले, मोल्दो कुराण वाचू लागला. वाऱ्याचा झोत आला. अर्ध्या टाक्याने 'टक्' केलं, तार सरकली, कडं एका अंगाला कललं. थेट मोल्दोच्या डोक्याच्या दिशेने. अशिरबाय पाइपवर पाय देऊन चढला आणि दोन्ही हातांनी ते धरून उभा राहिला. वाचन संपलं. सगळ्यांनी तळहात उघडून तोंडासमोर धरले, एजेसाठी दुआ मागितली, चेहऱ्यावरून हात फिरवले. त्याचे हात वर होते, पण मुठी वळलेल्या. त्याला बहिणीसाठी ओंजळही करता आली नाही.

"हात सोडा, तायाके," सगळे उतरल्यावर मेदेर म्हणाला. "मी धरतो."

"तू जा. पाहुण्यांना वाढायला घरचं माणूस हवं."

शेवटी त्याने कंबरपट्टा काढून कडं आवळलं आणि खाली गेला. वाडगा समोर आला तेव्हा बोटं उघडेनात. शेजारच्या म्हाताऱ्याने त्याला घास भरवला.

आठवड्याच्या आत बर्फ पडला. वाट बंद झाली, कडं कंबरपट्ट्यावरच राहिलं. नारिनला बॅटरी चुलीपाशी ठेवलेली असायची, रोज पूर्ण भरलेली. बुरुल नमाजानंतर नणंदेचं नाव घेऊन दुआ मागायची, तेव्हा अशिरबाय उठून अंगणात जाई आणि कारा-कुंगोयच्या बाजूला बघत राही. वारा त्याच बाजूने यायचा. "आत ये, गार वारा आहे," ती म्हणायची.

"वर जास्त असेल," तो म्हणायचा, आणि उभाच राहायचा.