सोज्वळ संख्या

कबूलच करून टाकते: दीड वर्ष मी अशा संख्यांचे गुणधर्म सिद्ध करत होते, ज्या जगात नव्हत्याच. एकही नाही. हे ऐकून नात पोट धरून हसते. हसू दे. त्या तिशीतल्या बाईला मीही आता हसतेच. कडक इस्त्रीची साडी, काखेत फाइल, आणि तोरा असा, की शून्याचा शोध जणू हिच्याच माहेरी लागला.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी कळमनुरीला कॉलेजात गणित शिकवायचे आणि दर शनिवारी एसटीनं हिंगोलीला जायचे. तिथल्या एका कॉलेजात दुपारी आम्ही गणितवाले जमायचो. त्याला ऐटीत सेमिनार म्हणायचो. माणसं सहा, फळा एक, लाइट असली तर पंखा. एकानं मांडायचं, बाकीच्यांनी अडवायचं. 'समजलं नाही' म्हणायला तिथं कुणी लाजत नसे. मला मात्र ते शब्द तोंडातून काढायला दोन वर्षं लागली.

मी तीन अटी ठरवल्या होत्या. त्या तिन्ही पाळणाऱ्या संख्यांना नाव दिलं, सोज्वळ संख्या. त्यांच्याबद्दल सहा प्रमेयं सिद्ध केली. एखादी सोज्वळ संख्या शोधून तर बघावी, हे मनात आलं नाही असं नाही. पण उदाहरणं शाळेतल्या लेकरांनी करावीत. आपण म्हणजे सगळ्यांबद्दल एकदम सिद्ध करणाऱ्या!

घरी सासूबाई माझ्या शनिवारांना कंटाळल्या होत्या. माझी मांडणी होती त्या दिवशी त्यांनी पेढ्यांचा पुडा हातात ठेवला. "जमलं तर वाट. न्हाई जमलं तर तसाच वापस आण, आन् मंग शनिवारी घरीच राह्य. लेकरू मी कवर सांभाळू?"

मी तासभर बोलले. चौथं प्रमेय संपलं तसे मागच्या बाकावरून गुरुजी उठले. हट्टा गावच्या शाळेतून निवृत्त झालेले; आमच्यात डिग्रीनं सगळ्यात कमी, पण एक शनिवार चुकवायचे नाहीत.

"बाई, समदं बराबर वाटून राहिलं. पर एक सोज्वळ संख्या सांगा की."

"एक?"

"एकच. ल्हानशी चालंल."

मी बारा घेतली. पहिली अट मोडली. पंधरा घेतली, तिसरी मोडली. पंचेचाळीस, पुन्हा तिसरी. खडू मोडला. तेव्हा गुरुजी पुढं आले आणि उरलेल्या तुकड्यानं चार ओळी लिहिल्या. माझ्या पहिल्या अटीनं संख्या विषमच निघत होती आणि तिसरीनं, जरा आडवाटेनं, समच.

तिथल्या कॉलेजचे विभागप्रमुख सर हसत म्हणाले, "मॅडम, तुमची सहाही प्रमेयं खरी आहेत हां. जे नाहीच त्याच्याबद्दल काहीही म्हणा, खरंच ठरतं; खोटं पाडायला उदाहरण आणणार कुठून? 'सगळ्या सोज्वळ संख्या हिरव्या असतात' म्हणा, तेही खरं!"

सगळे हसले. मला रडू यायला हवं होतं, पण अंगावर काटा आला. बाहेर कनेरगाव नाक्याकडं जाणारे ट्रक हॉर्न वाजवत होते, वरचा पंखा बंद पडलेला, आणि त्या खोलीत चार ओळींत सगळ्या संख्यांचा निकाल लागला होता. कितीही मोठी घ्या, कुणी कधी न मोजलेली, उच्चारायला जन्म पुरणार नाही अशी. तीसुद्धा सोज्वळ नाही. कुणी तिथवर जाऊन बघितलं नव्हतं, तरी आम्हाला ठाऊक होतं. आजही भाजी निवडताना हे आठवलं की हात थांबतो.

मग पुडा आठवला. मी तो फाइलखाली सरकवला. गुरुजींच्या नजरेतून काय सुटतंय! काय आहे म्हणून विचारलं, तेव्हा सासूबाईंची अट मी सांगून टाकली. त्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं आणि म्हणाले:

"मंग झाकून काहून राहिल्या बाई? अशी संख्या न्हाई, हे कालपस्तोर कोणाला माहीत होतं? आज सहा जणांला माहीत झालं. वाटा पेढे. आन् पुढच्या शनिवारी तिसरी अट जरा सैल करून या, पर येताना पर्समधी एक संख्या घेऊन या."