साहेबांची दुपारची तालीम

धडधाकट असून रोज स्वतःवर उपचार करवून घेणारा माणूस साऱ्या झाडीपट्टीत एकच होता, आणि तो आमचा डॉक्टर होता. स्वराज्य येऊन पाच-सात वर्षं झाली असतील. केशोरीच्या दवाखान्यात मी कंपाउंडर होतो. आमच्याकडे धान घरात आलं की गावोगाव नाटकाच्या तालमी सुरू होतात. त्या पाहून डॉक्टरसाहेब म्हणाले, "राजाचं सोंग आणायला महिनाभर तालीम, आणि माणूस वाचवायला एकही नाही?" झालं! दुपारी दवाखाना रिकामा झाला की तालीम. रोगी कायम साहेब. पटकी, सर्पदंश, बैलाने मारलेलं शिंग, सगळं ते टेबलावर पडून मनापासून भोगत. ओसरीवर गावकरी जमत. "काल मस्त कण्हून राहिले होते, आज दम नाही," असा अभिप्रायही मिळे.

साहेबांचे नियम दोनच. सांगितलेलं काम आधी मोठ्याने बोलायचं, मग करायचं, आणि चूक दिसली की कोणीही, कोणालाही "थांबा!" म्हणून ओरडायचं. पहिल्या नियमाने आमच्या शिपायाचा, धोंडूचा, संसार मोडायची वेळ आली. त्याची बायको दवाखान्यात भांडायला आली. "सायेब, याले पानी आन म्हनलं तं 'पानी आनतो' म्हनून बोंबलते! साऱ्या मोहल्ल्याले आयकू येते. काऊन असं शिकवलं?" दुसरा नियम गावातल्याच आमच्या नर्सबाईंना जमेना. ओरडायचं म्हटलं की त्या तोंडाला पदर लावून हसत.

मग गावात खरीच पटकी आली, आणि रोगी तपासता तपासता एका दुपारी साहेबच कोसळले. डोळे खोल गेलेले, हातपाय गार. सलाईन लावायला मी सुई घेतली, पण शीर सापडेना. दोनदा चुकलो. पुन्हा टोचणार तोच नर्सबाई कडाडल्या, "थांबा! त्याच जागी टोचून राहिले तुम्ही. सुई मले द्या, तुम्ही बाटली धरा."

"बाटली धरतो," मी म्हणालो.

"पानी उकळतो!" धोंडू ओरडला.

तालमीत मनापासून कण्हणाऱ्या साहेबांना आज शुद्ध नव्हती. ओसरीवर सारं गाव बसलं होतं, ते उठून दाराशी आलं. बाईंना शीर सापडली.

साहेब वाचले. उठून बसल्यावर पेज पिता पिता त्यांनी खोदून खोदून विचारलं, कोण काय बोललं, कोणी कोणाला थांबवलं. ऐकताना स्वारी अशी खूश, की जणू लेकीचं लग्न ठरलं. आठवडाभराने मात्र म्हणाले, "आता इथे माझं काय काम? सडक अर्जुनीपलीकडे एक दवाखाना आहे. तिथली माणसं एकमेकांशी बोलतसुद्धा नाहीत म्हणे." आणि बदली मागून गेलेसुद्धा.

मला त्यांचा अजून राग येतो, आणि आठवणही फार येते. आम्ही थोडे मठ्ठ निघालो असतो, तर ते आणखी चार वर्षं आम्हाला लाभले असते.