मजुरी पाडणारा माणूस

केसाने गळा कापणं म्हणजे काय, हे मला माझ्या सख्ख्या मावसभावाने शिकवलं, तेही माझी मजुरी कमी करून. इतकी वर्षं झाली, तरी आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

साठ सालाच्या आसपास आम्ही दोघांनी पनवेलच्या बाजारात रेडिओ दुरुस्तीचं दुकान काढलं. भागीदारी निम्मी निम्मी. मी आत बसून रेडिओ उघडायचो. तो बाहेर गिऱ्हाईक सांभाळायचा, मुंबईहून सामान आणायचा आणि दुरुस्त झालेला रेडिओ सायकलच्या कॅरिअरला बांधून घरोघर पोचवायचा. पैसेही तिथेच घ्यायचा. माझा त्याच्यावर इतका विश्वास, की गल्ल्याला कुलूप लावायचं मला कधी सुचलंच नाही.

दर ठरवणं ही मात्र रोजची डोकेदुखी. रेडिओतला बिघाड शोधण्यात अख्खी सकाळ जायची आणि शेवटी निघायची एक सुटलेली तार. कथलाचा डाग देऊन ती जोडली की काम झालं. गिऱ्हाईकाला तार दिसते, सकाळ कुठे दिसते? मी आपला विचार करून तीन रुपये सांगायचो. की लगेच भाऊ गिऱ्हाईकासमोरच माझ्यावर उखडायचा, "अरे, तीन कसले? माणूस बघ तरी समोरचा! दोन घे." मी कुरकुरत दोनवर यायचो. गिऱ्हाईक त्याच्याकडे देव भेटल्यासारखं बघायचं आणि माझ्याकडे सावकाराकडे बघावं तसं. मला राग यायचा, पण खरं सांगतो, त्याचा अभिमानही वाटायचा. आपण हिशेबी, पण भाऊ दिलदार आहे, असं मी घरी बायकोला कौतुकाने सांगायचो.

आमच्या धंद्यात एक रीत होती. व्हॉल्व, म्हणजे आतला काचेचा दिवा, गेला असेल तर नवा घालायचा आणि जुना कागदात गुंडाळून गिऱ्हाईकाच्या हातात द्यायचा. म्हणजे खरंच बदलला की नाही, ही शंका राहत नाही. त्याचे पैसे मजुरीहून वेगळे, आणि मजुरीपेक्षा कितीतरी जास्त.

एकदा बाजाराच्या दिवशी रोडपालीकडची एक बाई दुकानात आली. घरचं मिठागर होतं आणि नवऱ्याने हौसेने बॅटरीवरचा रेडिओ घेतला होता. थोड्याच दिवसांपूर्वी मी तो दुरुस्त केला होता, तेव्हा दोघं नवराबायको मिळून तो घेऊन आले होते. तिने कनवटीची पुडी काढून माझ्या टेबलावर ठेवली. आत एक जळका व्हॉल्व होता.

"यो आमचा दिवा नाय," ती म्हणाली. "तुमी दिवा बदलला सांगून तुमच्या भावानं घरी पैसं घेतलं आन् यो दिला. दसऱ्याला पेटीची पाठ काढून मी समद्या दिव्यांना कुकू लावला. याला कुकू कुठं हाय? आन् घरी उघडून बघितला, तर आतल्या समद्यांना कुकू हाय. मंग तुमी बदलला कंचा?"

मी एकही बदलला नव्हता. उलट, तिचा रेडिओ उघडल्यावर व्हॉल्वांवरची ती कुंकवाची बोटं पाहून मला हसू आलं होतं आणि ती पुसली जाऊ नयेत म्हणून मी जपून हात घातला होता. तारेला डाग दिला, दोन रुपये सांगितले, एवढंच.

भाऊ त्या दिवशी मुंबईला गेला होता. मी गल्ल्यातून तिचे व्हॉल्वचे पैसे काढून दिले आणि म्हणालो, "बाई, हे मी केलेलं नाही."

"मंग पेटी उघडली कोनी?"

उघडली मीच होती.

"तुमचा भाऊ बिचारा आमच्या बाजूनं भांडत व्हता," असं म्हणून तिने पैसे पदराच्या टोकाला बांधले आणि ती गेली.

मी भावाच्या खुर्चीखालचा बिस्किटाचा डबा ओढला. आत जळके व्हॉल्व होते, एकेक करून कागदात गुंडाळून ठेवलेले. मी तो डबा उघडाच टेबलावर ठेवला.

संध्याकाळी तो आला. डबा समोर पाहून जरासुद्धा दचकला नाही.

"तुझ्या मजुरीत या जागेचं भाडं तरी निघालं असतं का?" तो म्हणाला.

"अरे, पण मजुरी पाडायचा कोण? तूच ना?"

"मग? समोरची मजुरी पाडली की मागचं कुणी विचारत नाही. तुला साधूसारखं राहता आलं ते माझ्यामुळे."

मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. मारली नाही. पण त्याच्या त्या वाक्याने जे लागलं ते चपराकीने त्याला लागलं नसतं. मी ज्या दराचा एवढा तोरा मिरवत होतो, त्या दरावर आमचं घर कधी चाललंच नव्हतं.

भागीदारी मोडली. त्याने पलीकडच्या गल्लीत वेगळं दुकान थाटलं. मी कागद घेऊन बसलो, भाडं, सामान, घर सगळं मांडलं आणि खरी मजुरी काढली. ती पाच रुपये निघाली. ऐकून लोक उठून जायला लागले. खरं सांगायची सोय नव्हती, कारण आत बसणाऱ्याला काहीच ठाऊक नव्हतं, हे कुणाला पटलं असतं?

पुढे एका बाजाराच्या दिवशी ती मिठागरवाली बाई माझ्या दारावरून जाताना दिसली. मागे नवरा, त्याच्या डोक्यावर रेडिओ. मी घाईघाईने बाहेर आलो आणि विचारलं, काय बिघडलं?

"बोलत नाय," ती चालता चालताच म्हणाली. "तुमच्या भावाकडं चाललो. त्यो गरिबाचा ऐकतो."