बांधावरचा हात

बाळांनो, आपल्या द्राक्षबागेतून जंगलातल्या किल्ल्याकडे जाणारी पाऊलवाट आता सायकलवाल्यांची झाली आहे. परवा सकाळी एक मुलगी मागे पडली आणि आपल्या बांधावर थांबली. तिथे एक जुना दगड आहे. त्यावर कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला बाईचा हात कोरला आहे.

"आजी, हा हात किल्ल्याची वाट दाखवतो का?" तिने मला विचारलं.

द्राक्षं काढणारी सखूबाईच मध्ये बोलली. "कसली वाट, बये! सतीचा दगड हाय त्यो. नवरा लढाईत पडला, तशी हिला चितेवर चढवली."

"तिच्या मर्जीने?"

"ढोल वाजवत व्हते म्हणं. मर्जी ऐकू आली आसंल का?"

मुलीने दगडाला टेकवलेली सायकल हळूच बाजूला घेतली आणि निघून गेली.

गावातल्या सवाष्णी सणाला या हाताला कुंकू लावतात. मीही कितीतरी वर्षं लावलं. तुमचे आजोबा गेल्यानंतरच्या सणाला मी नेहमीसारखी करंडा घेऊन आले, तर त्या बायकांनी मला वाटेतच थांबवलं. "एवढी इंग्रजी शिकली, पण एवढं कळत नाही," असं कुणीतरी पुटपुटलं. नवऱ्यामागे जळली तिची पूजा करायची, आणि मागे जगली तिचा हात लागू द्यायचा नाही. तेव्हापासून मी त्या दगडाला शिवले नव्हते.

परवा सखूबाई पाठमोरी झाल्यावर मी माझा तळवा त्या तळव्यावर ठेवला. ऊन अजून बागेत उतरलं नव्हतं, तरी दगड मला गरम लागला.