मटिल्डाआत्याचा मुराळी

माझे सासरे ऑगस्टीन हे पाचूबंदरचे जुने तांडेल. म्हणजे होडीवर त्यांचा शब्द शेवटचा, आणि दुर्दैवाने घरातही. मी गासची, भाजी-फुलांच्या वाडीतली. लग्न होऊन आले तेव्हा त्यांनी मला पहिलं काय विचारलं, तर "पवता येतं का?" नाही म्हटल्यावर अशी मान हलवली की जणू मी चूल पेटवता येत नाही म्हणाले होते. तेव्हापासून आमच्यात गोडीगुलाबी कमी आणि वादावादी जास्त.

गेल्या डिसेंबरात वादाला कारणही तसंच झालं. पप्पांची, म्हणजे सासऱ्यांची, धाकटी बहीण मटिल्डाआत्या कोर्लईला दिलेली. नवरा वारलेला, मूलबाळ नाही, पुतण्याच्या घरी राहायची. नाताळाच्या तोंडावर ती अंगणात पडली आणि खुबा मोडला. या वयात ऑपरेशन झेपणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. आत्याने फोनवर एवढंच सांगितलं, "ऑगस्टीन, मला घरी ने. हितं मला डोला मिटायचा नाय."

गाडी करून आणता आली असती. पण तपासणीला नेताना रस्त्याच्या प्रत्येक खड्ड्याला तिने किंकाळी फोडली होती. पुन्हा गाडीत घालाल तर अन्नपाणी सोडीन, असं तिने पुतण्याला बजावलं होतं. शिवाय लग्न होऊन ती होडीतूनच सासरी गेली होती. सासरी गेलेल्या पोरीला माहेरी आणायला मुराळी जातो, आणि भाऊ जिवंत असताना दुसऱ्या कोणाला तो मान नाही. पप्पा दर हिवाळ्यात होडी घेऊन तिला आणायला जायचे. तिचे गुडघे गेले तेव्हा ते थांबलं.

त्यात थंडी पडली. आमच्याकडची थंडी म्हणजे काही हाडं गोठवणारी नव्हे, पण उत्तरेचा वारा एकदा सुटला की समुद्र खवळतो. कोर्लई दक्षिणेला. जाताना वारा पाठीशी, येताना तोंडावर. आणि येताना होडीत मोडक्या खुब्याची म्हातारी असणार. पप्पांना दमा होता तो वेगळाच.

"जेन्सनला जाऊ दे. तुम्ही घरी बसा," मी म्हटलं. जेन्सन म्हणजे माझा नवरा.

"मुराळी कोन? तो का मी?"

"आणि मुराळी वाटेत खोकून मेला तर?"

"तर तू रड. तेवढं येतं ना?"

मी भांडी आपटली. त्यांनी बिडी नसलेल्या खिशात हात घातला, जुनी सवय.

आमच्या दारासमोर बांबूंवर बोंबील सुकत घातलेले असतात. पप्पा रोज पहाटे कानटोपी घालून त्यांच्याकडे बघत बसायचे. बोंबील वाऱ्याने आडवे उडत असले की परत आत यायचे. जेन्सन मोबाइलवर वाऱ्याचा अंदाज बघायचा. एरवी या बापलेकांचं कशावर एकमत होईल तर शपथ, पण आता दोघे एकच सांगत होते, थांबा. त्याने माझी भीती जास्तच वाढली. तिकडून पुतण्याचा फोन यायचा. आधी आत्या पेज घेतेय म्हणाला, मग पेजही नको म्हणते म्हणाला. थांबलं तर ती जाणार आणि निघालं तर कदाचित हे दोघे जाणार, अशा कात्रीत आमचं घर सापडलं होतं.

निघायचं भांगात, एवढं मात्र न बोलताच ठरलं होतं. भांग म्हणजे अष्टमीच्या आसपासचे दिवस. भरती-ओहोटीला जोर नसतो, जाळ्यात काही येत नाही, होड्या मोकळ्या असतात. इथली लग्नं, होड्यांची डागडुजी, भावकीतली भांडणं, सगळं भांगातच उरकतात. त्यावर दुसरा विचार कोणाच्या डोक्यात आला नाही, माझ्याही नाही.

भांगातल्या एका सकाळी बोंबील सरळ खाली लोंबत होते. तासाभरात दोघे निघाले. परत कधी येणार, हे माझ्या अगदी ओठावर आलं होतं, पण दर्यावर निघालेल्याला आमच्या घरात कोणी ते विचारत नाही. "स्वेटर काढू नका," एवढंच मी पप्पांना म्हणाले.

ते सुखरूप पोचले आणि वारा पुन्हा उठला. मच्छीमार सोसायटीच्या भोंग्यावरून सूचना येऊ लागल्या. दोन दिवस ते कोर्लईत अडकून पडले. मग जेन्सनचा फोन आला. उद्या भल्या पहाटे, जमिनीवरून वारा वाहत असताना किनारा धरून निघतो आणि दुपारचा वारा चढायच्या आत घर गाठतो म्हणाला. त्यानंतर फोन लागेना.

ती सकाळ मी कशी काढली ते माझं मला माहीत. चपात्या लाटत होते आणि नजर बोंबलांवर. ऊन वर आलं तसे ते हळूहळू हलायला लागले. खरं सांगते, मला समुद्राचा राग आला, पप्पांचा आला आणि कधी धड न बोललेल्या त्या आत्याचाही आला.

"आली गं, आली!" शेजारच्या पुतळाबाईंनी हाक मारली. मी तशीच पिठाच्या हातांनी धावले. किल्ल्याच्या बाजूने होडी येत होती. येत होती, आणि मध्येच थांबली.

पुतळाबाईंनी कपाळावर हात मारला. "अगो, भांग हाय! पानी हितवर येनारच नाय!"

भांगात भरती अर्धवटच चढते. होडी आणि धक्का यांच्यामध्ये गुडघाभर चिखलाचा पट्टा पसरला होता. इतके दिवस वारा पाहिला, थंडी पाहिली, औषधं आणि कांबळी बांधली, पण उतरवायचं कसं ते एकानेही पाहिलं नाही. कारण इथे सगळे चिखलातून टोपल्या घेऊन चालत येतात, त्यात विचार करण्यासारखं काय! पण खाटेवर बांधून आणलेली बाई चालत येणार नव्हती. पाणी नीट वर यायला अजून किती दिवस जाणार, आणि वारा तर चढत होता. होडी डोलली की आत्याचं कण्हणं धक्क्यापर्यंत ऐकू यायचं.

तेवढ्यात पप्पा चिखलात उतरले. खाटेला हात लावला आणि खोकल्याची अशी उबळ आली की होडीला धरून वाकलेच. जेन्सन एका हाताने होडी सावरत होता, दुसऱ्याने बापाला.

पुतळाबाईंनी साडी खोचली. "चुंबली घ्या गं!" मासळी वाहणाऱ्या बायका त्या, चुंबळी हाताशीच होत्या. बघता बघता पाचजणी चिखलात शिरल्या. सहावी मी. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्या चिखलात मी पाय टाकला नव्हता. मात्र डोक्यावर वजन कसं तोलायचं ते मला गासच्या वाडीने शिकवलं होतं.

खाट आमच्या डोक्यांवर आली. पप्पा अजूनही खाटेचा पाय सोडत नव्हते. "मुराळी मी हाय... मीच नेनार..." त्यांचे ओठ निळे पडले होते.

"मुराळी दारापर्यंत आणतो, पप्पा!" मी ओरडले. "आत घ्यायचं काम सुनेचं. सोडा आता!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हात सोडला. माझ्या शब्दावर त्यांनी काही सोडलं, असं पहिल्यांदाच घडलं.

आम्ही चाललो. पाय रुतत होते, वारा कानात शिरत होता, पण खाट हलली नाही. वरून आत्या प्रार्थना पुटपुटत होती, "नमो मारिये, नमो मारिये."

दारात खाट टेकवली. माहेरी आलेल्या पोरीचे पाय धुवायचे म्हणून मी गरम पाणी घेऊन आले. बघते तर तिचे पाय स्वच्छ, कोरडे, कांबळ्यात गुंडाळलेले. मागून पप्पा जेन्सनच्या खांद्यावर हात टाकून येत होते. मांड्यांपर्यंत चिखल आणि सगळं अंग कापत होतं.

आत्याने मान वळवून भावाकडे पाहिलं.

"माजे ऱ्हाऊ दे, पोरी," ती म्हणाली. "त्याचे धू. इतक्या थंडीत तो आलाय मला न्यायला."

मी उंबऱ्यावर बसले आणि पप्पांचा पाय हातात घेतला. बर्फासारखा गार होता. लाजून त्यांनी तो मागे ओढायला पाहिला, पण मी धरून ठेवला. रडता येतं ना, असं मला त्यांनीच विचारलं होतं, आणि आता मी त्यांच्यादेखतच रडत होते.